सदतीस अंश

परभणीत मे महिन्यात
सदतीस अंश म्हणजे गारवा.
बाहेर पारा चव्वेचाळीसवर, शेडचे पत्रे तडतडतात,
आणि माझ्या पेटीला हवी असते
फक्त माणसाच्या अंगाएवढी ऊब,
एक अंश इकडे नाही, तिकडे नाही.

पेटीत चोवीस बाटल्या. बाटलीत खारं पाणी,
रक्तासारखंच, पण रंग नसलेलं.
पाण्यात एकेक चकती, शर्टाच्या गुंडीएवढी,
तिच्या पोटात हाडाची भुकटी.
चकतीचं काम हमालाचं:
भुकटी मोडल्या जागी न्यायची, सांडू द्यायची नाही,
नवं हाड धरेपर्यंत दम काढायचा
आणि मग आपण होऊन निघून जायचं.

पहिली थांबलीच नाही.
चहात बुडालेलं बिस्किट बोटांत उरतं
तेवढीच उरली नवव्या दिवशी.
भुकटी बाटलीच्या तळाला, पोरकी.
तिसरी उलट चिवट. चौऱ्याऐंशी दिवस झाले, कडा तशाच,
मांडव उतरला तरी न हललेल्या पाहुण्यासारखी.
दोन्ही नापास. लाल पेनानं लिहिलं, तारीख टाकली.

सहावी...
सहावीचं सांगायचं तर
आधी वीज गेली ते सांगायला हवं.
दुपारी एकला गेली ती सहापर्यंत.
इन्व्हर्टर चाळीस मिनिटांत बसला.
पेटीला तापवता येतं, निववता येत नाही.
मी गोणपाट भिजवून तिच्यावर टाकलं,
माठातलं पाणी शिंपडत राहिले,
तरी काटा एक्केचाळीसवर.
चोवीसच्या चोवीस बाटल्यांना ताप.

"बाद करू का?" नुजहत मॅडमना फोनवर विचारलं.
म्हणाल्या, "ताप आलेला पेशंट आपण बाद करतो का गं?
वेगळी रेघ ओढ. पाच तास लिही. पुढे मोज."

पुढे मोजलं.
सातव्या दिवशी, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या.
टिपून, वाळवून, काट्यावर ठेवून,
श्वास रोखून, कारण श्वासानंही चौथा आकडा हलतो.
सहावी जात होती. घाई न करता,
मार लागल्यावर उठलेला वळ जातो तशी.

मग थंडीत शेड.
उस्मानाबादी शेळ्या, काळ्या कुळकुळीत, कानात पिवळे बिल्ले.
चौदा नंबरच्या मागच्या पायात
मुद्दाम पाडलेल्या हरभऱ्याएवढ्या भोकात
सहावीचा तुकडा बसवला.
सटवाजी त्यांना सुबाभळीचा पाला घालायचा.
चौदा नंबरला गुपचूप भाकरीचा तुकडाही,
जो नियमांत नव्हता
आणि मी पाहिला नव्हता.
"कामून इरघळणारं बसवायलात बाई?
टिकणारं बसवा की. स्टीलचं."
माझ्या डाव्या हातात आहे स्टील, बारा वर्षं.
पहाटे गारठ्यात ते माझ्या आधी जागं होतं.
बाही वर करून व्रण दाखवला.
तो व्रणाकडे बघत राहिला, मग बादली उचलून गेला.

बाराव्या आठवड्यात शेळी उड्या मारत होती.
उड्या पुरावा म्हणून चालत नाहीत.
हाड कापून बघावं लागतं.
त्या दिवशी सटवाजीनं रजा घेतली.
अर्जात कारण: घरगुती.

काचपट्टीवर गुलाबी-जांभळा रंग चढवला.
भोक कुठं होतं तेच सापडेना.
जुनं हाड, नवं हाड, मधे फिकट शिवण.
चकतीचा कण शोधत केसभर केसभर सरकवत
तीन पट्ट्या पाहिल्या. पुन्हा तीन.
शेवटी निळ्या पेनानं लिहिलं:
वाहक पदार्थ आढळला नाही.
काही न सापडल्याचा
इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता,
आणि तो कुणासमोर करावा हे कळेना.

दुसऱ्या दिवशी सटवाजी शेड झाडत होता.
वर न बघता म्हणाला,
"टिकलं का मग?"
"नाही."
"मंग फेल?"
"पास."
त्यानं झाडू थांबवला.
चौदा नंबरचं दावं खुंटीवरून काढलं,
गुंडाळलं,
परत तिथंच टांगलं.